बसवणारा आला नाही

आमच्या डायलिसिसच्या खोलीतल्या डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या, "शालन, नवीन पेशंट फार घाबरून येतात. त्यांच्यासाठी काहीतरी लिही." मी म्हटलं, मॅडम, माझी जीभ कडू आहे. त्या म्हणाल्या, कडू चालेल, खोटं नको. म्हणून लिहिते आहे. हे वाचून कुणाला हुरूप येईल असं मला वाटत नाही. पण तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत तुमच्याआधी कुणीतरी बसून रडून गेलंय, एवढं कळलं तरी जरा बरं वाटतं. मला वाटलं होतं.

माझं सासर आष्ट्याचं आणि माहेर म्हसवडच्या अलीकडची एक वाडी. आजोबांपर्यंत आमची मेंढरं होती. वडलांनी ती विकून थोडी शेती केली. मी एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर झाले आणि धाकटा भाऊ नामा गलाईला गेला. गलाई म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्याकडची पोरं त्यासाठी कुठं कुठं जातात ते विचारू नका. जिथं सोनार तिथं आमचा माणूस, असं म्हणतात. नामा गेला आफ्रिकेत.

पाय

पाय सुजायला लागले तेव्हा मी दोष नोकरीला दिला. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचे पाय सुजणारच. मग सकाळी तोंड सुजायला लागलं. मालक म्हणाले, "रडलीस काय रात्री?" मी म्हटलं, तुमच्याशी लग्न करून इतकी वर्षं झाली, रडायचं असतं तर मागंच रडले असते. अशी चेष्टा करत आम्ही चांगले तीन-चार महिने घालवले. तुम्ही घालवू नका.

एक दिवस पलूसच्या गाडीत जिना चढल्यासारखी धाप लागली आणि मी तिकिटाचं मशीन हातात घेऊन प्रवाशाच्या मांडीवरच बसले. मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, दोन्ही किडन्या गेल्यात." मी विचारलं, "परत कवा येणार?" ते हसले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली. डॉक्टर हसला नाही की समजावं.

बाहेर आल्यावर मालक हॉस्पिटलच्या पायरीवर बसले. साखर कारखान्यात बॉयलरवर काम करणारा माणूस, घामानं भिजलेला कायम बघितलाय, पण त्या दिवशी त्यांचा सदरा कोरडा आणि तोंड ओलं होतं. मी उभीच राहिले. कुणीतरी उभं राहायला पाहिजे होतं.

खुर्ची

आठवड्यातून तीनदा सांगली. सकाळच्या पाळीला नंबर लावायचा, वजन करायचं, मग हातात दोन जाड सुया. हाताची शीर ऑपरेशन करून मोठी केलेली असते, ती कायम घरघरते. कान लावला तर ऐकू येतं. माझी आई पहिल्यांदा माझा हात कानाला लावून म्हणाली, "आत पिठाची गिरण चालू हाय गं." तेव्हापासून आम्ही त्या शिरेला गिरणच म्हणतो.

सगळं रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, धुऊन परत येतं. चार तास हलायचं नाही. त्रास सुयांचा नाही, तहानेचा आहे. दिवसाला पाणी मोजून. मी माणदेशातली, टँकरच्या पाण्यावर वाढलेली, मला वाटायचं तहान मला शिकवायला नको. लय माज होता. उन्हाळ्यात मी बेसिनच्या नळाखाली ओठ धरून रडलेय. बर्फाचा खडा चघळा, लिंबाची फोड चाटा, बाकी उपाय नाही.

आणि एक सांगते. या खोलीत माणसं एकमेकांची चौकशी करतात, पण एखादी खुर्ची रिकामी दिसली तर विचारत नाहीत. तुम्हीही हळूहळू विचारायचं सोडाल.

नामा

किडनी द्यायला घरातलं कोण, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि प्रत्येक घरात त्या दिवशी चहा कडू होतो. वडील मागंच गेलेले. मालकांना साखर. आईला बीपी, शिवाय वय. सासरचे देवाला नवस बोलले आणि तिथंच थांबले. त्यांच्यावर राग नाही. पूर्वी होता.

नामाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आक्का, लहानपणी माज्या वाटणीचं दूध तूच प्यायचीस. आता किडनी बी तुलाच पायजे व्हय?" आणि पुढच्या महिन्यात येऊन तपासण्या करून गेला. रक्त जुळलं, पेशी जुळल्या. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांतसुद्धा इतकं जुळत नाही. आई तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटली, "माज्या दोन्ही लेकरांचं रक्त यकच हाय." हे वाक्य लक्षात ठेवा.

त्याची बायको मंगल. दोन लहान मुलं घेऊन ती वाडीला माझ्या आईजवळ राहत होती. तिनं त्याच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी भरली आणि मला म्हणाली, "वन्सं, यकच देणार न्हवं? यक ठेवणार न्हवं?" मी हो म्हटलं. तिनं मान हलवली.

ऑपरेशनच्या सरकारी परवानग्या यायच्या होत्या म्हणून तो परत गेला. भट्टी अशी टाकून येता येत नाही. सोनं लोकांचं असतं, आपल्या भागातला विश्वासू माणूस बदलीला उभा केल्याशिवाय गलाईवाला जागा सोडत नाही. शेजारच्या गावचा धनाजी बदलीला जाणार होता. ऑपरेशन दिवाळीनंतर, म्हसवडच्या देवाची रथयात्रा झाल्यावर ठरलं.

आईचं नवरात्र

म्हसवडच्या सिद्धनाथाचं उभं नवरात्र असतं. दिवाळीच्या पाडव्याला घट बसतात, तेव्हापासून तुळशीच्या लग्नाला देवाचं लग्न लागेपर्यंत नवसाची माणसं बसत नाहीत. जेवण उभ्यानं, झोप उभ्यानं, कशाला तरी टेकून. ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. वडील उभे राहिलेले मी लहानपणी बघितलेत. आमच्या घरची रीत अशी, की उभं राहिलेल्या माणसानं आपलं आपण बसायचं नाही. घरातल्या मुलानं हात द्यायचा, "बसा" म्हणायचं, मग बसायचं. वडलांना नामानं बसवलं होतं, चड्डी घालायचा तेव्हा.

त्या वर्षी आई माझ्यासाठी उभी राहिली. मी भांडले. म्हटलं, एक जण आजारी आहे तेवढं पुरे. ती म्हणाली, "तुजा भाऊ किडनी देतोय, नवरा पगार देतोय, मी काय देऊ? माज्याजवळ पायच हायत."

नामाचं येणं आधी नवरात्रानंतरचं होतं. सोन्याच्या व्यापाऱ्याची जीप राजधानीला जाणार होती, तिच्यातून रस्त्यानं जायचं आणि तिथून मोठ्या विमानानं मुंबई. पण आई उभी राहिली म्हटल्यावर त्यानं बेत बदलला. देवाच्या लग्नाला पोचायचं तर रस्त्यानं जमणार नव्हतं. तिथल्या गावातून राजधानीला एक लहान विमान जायचं, त्याचं तिकीट काढलं. फोनवर हसत होता. "आक्का, त्या इमानाची गंमत सांगू? शिटाचा पट्टा तुटलाय, गाठ मारून बसायचं. मागल्या खेपेला दोगा-तिगांना उठवून पुढं बसवलं, वजन मागं झालं म्हणून. आपल्या वडापच्या जीपसारखं."

मी म्हटलं, मग जीपनं ये.

"आईला उभं ठिवून मी रस्त्यानं येऊ?" तो म्हणाला. "तिला बसवायला पायजे की गं कुणीतरी."

फोन

धनाजीचा फोन आला तेव्हा मी खुर्चीत होते. हातात सुया, रक्त नळीत. धनाजी त्याला विमानतळावर सोडून परत फिरला होता आणि त्यानं धूर बघितला होता. तो रडत नव्हता. तो फक्त म्हणत होता, "आक्का, मक्याच्या रानात पडलं. आक्का, मक्याच्या रानात."

मला उठता येत नव्हतं. हे मी कुणाला समजावू शकत नाही. भाऊ गेल्याचं कळलेली बाई उठून पळते, भिंतीवर डोकं आपटते, काहीतरी करते. मी चार तासांतले उरलेले तास तिथं पडून होते. मशीन वाजायला लागलं. माझं बीपी पडलं होतं. सिस्टरनं पाय वर केले, सलाइन सोडलं, विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, काही नाही.

वाडीला मंगलला मालकांनी जाऊन सांगितलं. आईला कुणीच सांगितलं नाही. ती देवळात उभी होती, थोडेच दिवस उरले होते. गावातल्या जाणत्यांनी सांगितलं, मध्येच बसली तर नवरात्र मोडेल, आणि कळल्यावर ती उभी राहणार नाही. आधी तिला बसू दे. मला हे पटलं का? मला तेव्हा काहीच पटत नव्हतं आणि सगळंच चालत होतं. आईला सांगितलं, विमान उशिरा आहे.

आणि मंगल रोज कुंकू लावून, डबा घेऊन देवळात जात राहिली. रोज. सासूला मोकळं कपाळ दिसू नये म्हणून. मला आजही माझ्या आजाराचं कुणी कौतुक करायला लागलं, किती धीराची बाई म्हणायला लागलं, की मला ती आठवते आणि त्या माणसाचं तोंड बंद करावंसं वाटतं.

देवाचं लग्न

त्या दिवशी माझी डायलिसिसची पाळी नव्हती. मालकांनी मला गाडीनं म्हसवडला नेलं. गर्दी, हळद, वाजंत्री. आई खांबाजवळ उभी होती. तिचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून चकाकत होते. माझ्या पायांकडं बघून ती म्हणाली, "बघ की, दोगींचं यकसारखं झालं." मग माझ्या मागं बघितलं, गर्दीत.

"नामा कुटं हाय?"

"येतोय," मालक म्हणाले.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. आजूबाजूचे उभे राहिलेले बसायला लागले, कुणाला मुलगा बसवत होता, कुणाला पुतण्या. आई उभीच. "येऊ दे की," म्हणाली. "यवढी थांबले तर अजून जरा."

किती वेळ गेला मला माहीत नाही. शेवटी मंगल पुढं झाली. तिनं पदर सारखा केला, हात पुढं केला आणि म्हणाली, "आत्याबाई, बसा."

आईनं त्या हाताकडं बघितलं. मग तिच्या तोंडाकडं. मंगलनं कुंकू जास्तच ठळक लावलं होतं. आईनं हात घेतला नाही. ती एवढंच म्हणाली, "कवा?" आणि पडली. बसली नाही, पडली. आमच्याकडची माणसं आजही या फरकावर बोलतात.

रक्त

विमान जळलं होतं. माणसं ओळखायची तर डीएनए जुळवायला घरच्यांचं रक्त पाहिजे असं तिकडून कळवलं. आईला सलाइन लावलेलं होतं, मुलं लहान. म्हणून माझं घेतलं. डायलिसिसच्याच वेळी, त्याच नळीतून, सिस्टरनं छोट्या बाटलीत काढलं. मी बघत होते. दोन्ही लेकरांचं रक्त एकच, हे आईनं गावभर सांगितलं होतं. त्या रक्तानं किडनी जुळायची होती. त्यानं माझा भाऊ तिकडच्या पिशव्यांतून शोधून काढला.

पेटी आली ती बंद. खांदा देणारा म्हणाला, हलकी आहे. त्याला गप्प केलं. पण मी ऐकलं.

दिवा

मी त्या देशाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, तिकडची माणसंच तशी. तिकडच्याच बायकांनी मक्यात धावत जाऊन अंगावरची कापडं काढून मेलेल्यांवर टाकली, हे धनाजीनं डोळ्यांनी बघितलंय. तिकडची माणसं तर आठवड्यातून दोनदा त्या विमानात बसत होती, कारण दुसरं नव्हतं. त्यांचीही त्यात मेली, आमच्या एका माणसाच्या कितीतरी पट.

धनाजीला विमानतळावरच्या ओळखीच्या माणसानं सांगितलं आणि पुढं चौकशीतही तेच निघालं. इंजिन आधीपासून बिघडत होतं. नवा भाग मागवायच्या ऐवजी कोपऱ्यात सडणाऱ्या जुन्या विमानाचा काढून बसवला. बिघाड दाखवणारा दिवा सारखा पेटायचा, तर त्या दिव्याची वायर सोडवून ठेवली. तपासणारा साहेब विमानाजवळ न जाताच सही करायचा. पायलटनं दोनदा सांगितलं होतं, तर त्याला म्हणाले, तुला जमत नसेल तर दुसरा बघतो. तोही मेला.

मी गाडीवरची बाई. ब्रेक लागत नाही म्हणून ड्रायव्हरनं गाडी डेपोच्या फाटकातून मागं घेतलेली मी कितीदा बघितलीय. प्रवासी शिव्या घालतात, आम्ही खातो, पण गाडी निघत नाही. आणि इथं या खुर्चीत, माझ्या नळीत हवेचा एवढासा बुडबुडा आला तरी मशीन बोंबलतं आणि आपलं आपण थांबतं. सिस्टर येते, बघते, मगच पुढं चालू. पहिल्यांदा त्या आवाजाला घाबरायचे. नवीन पेशंटांनो, घाबरू नका, ते वाजतंय तोवर तुम्ही सुरक्षित आहात. मी आता तो आवाज ऐकला की दात आवळते. माझ्यासाठी वाजतंय. त्याच्यासाठी वाजणारं कुणीतरी काढून ठेवलं.

मंगल

त्यानंतर मी डायलिसिसला जायचं बंद केलं. हे मॅडमना आवडणार नाही पण खोटं नको म्हणाल्यात. मी मालकांना सांगितलं, मला सोडा. पहिल्या दिवशी छान वाटलं. पाणी प्याले, तांब्याभर. दुसऱ्या दिवशी आडवं होता येईना. छातीत पाणी भरतं, आणि बुडायला विहीर लागत नाही. असं मरण शांत असतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मंगल आष्ट्याला आली. पांढरं कपाळ. दारातच उभी राहिली, चप्पलसुद्धा काढली नाही.

"वन्सं, उठा."

मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं सगळं. मला जाऊ दे."

"तुमच्यामुळंच झालं," ती म्हणाली. एवढं सरळ मला कुणी बोललं नव्हतं. बाकी सगळे नाही नाही म्हणत होते. "तुमच्यामुळं आन आत्याबाईंमुळं. मी काय आंधळी न्हाई. मला तुमचं तोंड बघवत न्हाई. पर तुमी मेलासा तर त्यो कशाला इमानात बसला व्हता, हे मी पोरांना काय सांगू?"

तिनं मला गाडीत घातलं. सांगलीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. सुया टोचल्या तेव्हा तोंड फिरवून उभी होती. मग निघून गेली. आजही सणावाराला भेटतो, ती ताट वाढते, बोलत नाही. मला तिचं बरोबर वाटतं.

आज

मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी माझं नाव यादीत आहे. नंबर येईल म्हणतात. आमच्या खोलीतल्या कुणाचा आलेला मी अजून बघितला नाही. नोकरी गेली नाही, हलकं काम दिलंय, पासाच्या खिडकीत बसून. मालक कामावरून येऊन भात टाकतात. बर्फाच्या पेटीत माझ्यासाठी लिंबाचे खडे करून ठेवतात. चांगलं म्हणून सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि ते खरं आहे.

आई आता आमच्याकडं असते. घरी बसते, जेवते, झोपते. पण माझ्या पाळीला माझ्याबरोबर सांगलीला येते आणि खुर्चीजवळ उभी राहते. चार तास. सिस्टरनं स्टूल दिलं, डॉक्टर मॅडम ओरडल्या, शेजारच्या पेशंटच्या नातवानं हात धरला. नाही. तिचं नवरात्र पुरं झालं नाही असं तिच्या डोक्यात आहे. देवाचं देणं राहिलं म्हणून माझा नंबर येत नाही, असं. नवीन माणसं बघतात. जुन्यांनी आता बघायचं सोडलंय.

गेल्या आठवड्यात मला सहन झालं नाही. मशीनला लावलेला हात हलवता येत नाही, म्हणून दुसरा हात मी तिच्यापुढं केला. मुलगा नाही तर मुलगी. रीत गेली खड्ड्यात. मी म्हटलं, "आई, बस."

तिनं माझा हात घेतला. दोन्ही हातांत धरला, चोळला. मला वाटलं, आता बसेल.

"तू बरी झालीस?" तिनं विचारलं.

हो तोंडावर आलं होतं. मॅडम म्हणाल्यात, खोटं नको.

"मग?" ती म्हणाली. माझा हात चादरीवर नीट ठेवला आणि उभीच राहिली.